फिटची गोळी आणि आपले साहित्य

एक

२०१७ सालच्या मार्चमध्ये नगर शहरातल्या एका औषधाच्या दुकानात मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने ती वाचली आणि विचारले, "मॅडम, फिट कोणाला येते?" मी म्हटले, "कोणालाच नाही. गोळ्या मलाच घ्यायच्या आहेत." तो म्हणाला, "ही तर फिटची गोळी आहे. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या." परत दवाखान्यात गेले असते तर गावाकडची शेवटची एसटी चुकली असती. मी गोळ्या घेतल्या आणि स्टँड गाठले.

घरी आल्यावर आईला हे सांगितले. ती घाबरली. "फेफऱ्याची गोळी तुला कशाला गं? तुला कुठं फेफरं येतंय?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. मराठी साहित्य हा माझा विषय. तोच मी महाविद्यालयात शिकवते. पण फेफऱ्याची गोळी मनाच्या आजाराला का देतात, हे माझ्या आईला तिच्या भाषेत सांगण्यासाठी माझ्याजवळ चार वाक्ये नव्हती. ही उणीव केवळ वैद्यकीय माहितीची होती असे मला वाटत नाही. एम.ए.ला मी दलित स्वकथने विशेष अभ्यासासाठी घेतली होती. भूक, विटाळ, मार, स्थलांतर, दारू, शिक्षण, नोकरीतला अपमान या सगळ्यांसाठी त्या पुस्तकांनी मला शब्द दिले. मनाचा आजार झालेला, त्यासाठी रोज रात्री गोळी घेणारा आपला माणूस मात्र त्या वाचनात मला भेटला नव्हता.

वाङ्मयीन त्रैमासिकात गोळीवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझे म्हणणे असे की, ज्या साहित्याने भाकरीला समीक्षेचा विषय बनवले, त्या साहित्याच्या समीक्षेला गोळी वर्ज्य असण्याचे कारण नाही. ही गोळी आपल्या लेखनात का नाही, इतरांच्या लेखनात ती कशी आली आहे आणि आपण ती लिहिली तर काय लिहावे लागेल, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

दोन

आधी आजाराविषयी आणि औषधाविषयी थोडे स्पष्ट सांगितले पाहिजे.

माझ्या आजाराला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. यात माणूस काही काळ उन्मादात असतो, काही काळ नैराश्यात, आणि मधल्या काळात बहुधा ठीक असतो. २०१६ च्या ऑक्टोबरात मी सलग तीन रात्री झोपले नाही आणि मला झोपेची गरजही वाटली नाही. दलित साहित्याचा संपूर्ण इतिहास नव्याने लिहायला घेतला. दोनशे पाने लिहिली. उधारीवर पुस्तके आणली. प्राचार्यांना रात्री दोन वाजता फोन करून त्यांच्या चुका सांगितल्या. जानेवारीत ती दोनशे पाने काढून पाहिली तेव्हा त्यांतली चार वाक्ये एकमेकांना जोडलेली नव्हती. त्यानंतरचे दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला आजारपणाची रजा नसते. तास घेतला नाही तर मोबदला नाही.

मला दिलेल्या गोळीचे नाव सोडियम व्हॅल्प्रोएट. तिचा इतिहास वाचण्यासारखा आहे. व्हॅल्प्रोइक ॲसिड हे द्रव्य १८८२ साली प्रथम तयार करण्यात आले. पुढे ऐंशी वर्षे ते प्रयोगशाळेत इतर पदार्थ विरघळवण्यासाठी वापरले जाई. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत फ्रान्समधले संशोधक काही नवी औषधे यात विरघळवून त्यांचा अपस्मारावरचा परिणाम पाहत होते. पाहावे ते औषध गुणकारी ठरू लागले, तेव्हा त्यांना संशय आला आणि त्यांनी नुसते विरघळवणारे द्रव्यच तपासले. गुण त्याचा होता. १९६७ साली फ्रान्समध्ये ते अपस्माराचे औषध म्हणून बाजारात आले. त्याआधीच, १९६६ मध्ये, पिएर लँबेर या फ्रेंच डॉक्टरांनी याच कुळातले औषध मनोरुग्णांना दिल्यावर त्यांची मनःस्थिती स्थिरावते असे नोंदवले होते. पुढे जपानी डॉक्टरांनी कार्बामाझेपीन या अपस्माराच्या दुसऱ्या औषधाबाबत असाच अनुभव मांडला. अमेरिकेत व्हॅल्प्रोएटला उन्मादावरील औषध म्हणून मान्यता मिळाली ती १९९५ मध्ये. त्यापूर्वी या आजारावर मुख्य भरवसा होता लिथियमचा. त्याचा उन्मादावरील उपयोग ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये मांडला होता.

फेफरे थांबवणारे औषध मनाला का आवरते, याचा पूर्ण उलगडा आजही झालेला नाही. मेंदूतल्या पेशी गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होतात, त्या उत्तेजनाला ही औषधे आळा घालतात, एवढे सांगता येते. म्हणजे हे औषध डॉक्टर देऊन पाहतात आणि रुग्ण घेऊन पाहतो. एकाला लागू पडते, दुसऱ्याला पडत नाही, तिसऱ्याला लागू पडते पण दुसरेच काही बिघडवते. 'करून पाहणे' हा या उपचाराचा स्वभाव आहे. पुढचे सगळे विवेचन मी या दोन शब्दांभोवती करणार आहे.

तीन

मी गोळी सुरू केली हे दोन ठिकाणी कळले आणि दोन्हीकडून तिचा अर्थ लावण्यात आला.

स्टाफरूममध्ये एक सहकारी दुसऱ्याला म्हणाले, "सवलतीवर शिकून आलेल्यांना एवढा ताण झेपत नाही." मी दारातच होते. चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना मी भाऊ म्हणते आणि ज्यांच्यामुळे मी पुस्तके वाचू लागले, ते मायेने म्हणाले, "ताई, हा आजार नाही. हा या व्यवस्थेने दिलेला संताप आहे. गोळी घेऊन तो मारू नका." पहिले बोलणे शत्रुत्वाचे होते, दुसरे आपुलकीचे. तरी दोन्हींत एक गोष्ट समान होती. दोघांनाही माझा आजार दिसत नव्हता. एकाला त्यात माझी जात दिसली, दुसऱ्याला जातीविरुद्धचा विद्रोह दिसला.

भाऊंचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. अपमान, असुरक्षित नोकरी, कर्ज, हिंसेची भीती यांनी माणसे खचतात. आजार असेल तर तो उसळतो. ज्या जिल्ह्यात सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) घडले, तेथल्या आपल्या माणसांना मनाच्या स्वास्थ्याचा उपदेश करताना जात विसरणारा डॉक्टर अर्धाच डॉक्टर होय. पण कारणांमध्ये समाज आहे म्हणून आजार नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. क्षयरोगाच्या कारणांमध्येही दारिद्र्य आहे. म्हणून आपण क्षयरोग्याला विद्रोही म्हणून औषधाविना ठेवत नाही.

या चुकीची मुळे आपल्या वाङ्मयीन सवयीत आहेत. आपल्या कवितेत 'वेड' हा शब्द पुष्कळदा अभिमानाने येतो. शहाण्यांच्या जगाला नकार देणारा तो वेडा, असे समीकरण आपण वापरत आलो. रूपक म्हणून ते समजू शकते. परंतु ज्या रात्री मी दोनशे पाने लिहिली त्या रात्री मी कशालाही नकार देत नव्हते. नकार देण्यासाठी लागणारा विवेक माझ्याजवळ त्या रात्री नव्हता. माझा संताप कामाला आला तो गोळी सुरू झाल्यानंतर. वीस पाने सलग वाचता येऊ लागली, उत्तरपत्रिका तपासता येऊ लागल्या, आणि सवलतीचा टोमणा मारणाऱ्या सहकाऱ्याला शांतपणे उत्तर देता आले. गोळीने माझा विद्रोह मारला असता तर हा लेख लिहिलाच गेला नसता.

समीक्षेनेही येथे सावध राहावयास हवे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या माणसाचे पुस्तक. त्यात शिकलेला 'मी' आणि दगडू मारुती पवार समोरासमोर बसतात. या रचनेला 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' म्हणणे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मला दरवर्षी आढळते. हा वैद्यकीय शब्दांचा बेजबाबदार वापर आहे. दगडूला बोलते करणे हा लेखकाने पूर्ण शुद्धीत घेतलेला निर्णय आहे. शहाण्या माणसाच्या रचनेला आजाराचे नाव द्यायचे आणि आजारी माणसाच्या आजाराला विद्रोहाचे, असा हा उलटा व्यवहार झाला.

याउलट बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये आषाढातल्या अंगात येण्याची वर्णने आहेत. वर्षभर जिचे कोणी ऐकत नाही ती बाई अंगात आल्यावर बोलते आणि सगळे हात जोडून ऐकतात. बेबीताई त्या अंधश्रद्धेला सूट देत नाहीत आणि त्या बाईला हसतही नाहीत. माझ्या आजीच्याही अंगात येत असे. १९५६ नंतर आमच्या घरातले देव गेले, पण आजीचे अंगात येणे काही वर्षे राहिले. मग ते थांबले आणि ती नुसती गप्प बसू लागली असे आई सांगते. आजीला माझाच आजार होता असे मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसांवर निदान लादू नये. पण एक प्रश्न उरतोच. देवऋषी आपण घराबाहेर काढला, हे बाबासाहेबांनी आपल्याकडून करवून घेतलेले मोठे काम. त्याच्या रिकाम्या जागी आपण काय आणले? आजीच्या बाबतीत काहीच आणले नाही. देवी गेली आणि डॉक्टर आला नाही.

चार

आता इतरांच्या कलाकृतींकडे वळू. मनाच्या आजारावर मराठीत ज्या कलाकृतीची सर्वांत जास्त चर्चा झाली ती सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट. त्यातल्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे; म्हणजे माझ्यापेक्षा वेगळा आजार. औषधे आहेत, समजूतदार डॉक्टर आहे, भावासाठी स्वतःच्या संसारात ओढाताण सोसणारी बहीण आहे. या चित्रपटाने शहरी मराठी कुटुंबांत आजाराविषयी बोलण्याची वाट मोकळी केली, हे मान्य केले पाहिजे. पण शेष हा कोकणातल्या जमीनजुमला असलेल्या घरातला मुलगा आहे. त्याच्या भ्रमालासुद्धा राखलेले रान मिळाले आहे. आमच्याकडे ज्याला रान म्हणतात ते दुसऱ्याचे असते आणि तेथे आई खुरपायला जाते.

दुसरी कलाकृती मला अधिक जवळची वाटते. जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही कादंबरी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिचा मराठी अनुवादही झाला आहे. 'बलुतं' इंग्रजीत नेणारे अनुवादक हेच, म्हणून या कादंबरीकडे मी आपलेपणाने गेले. माहीमच्या लहानशा घरात राहणारे गोव्याकडचे ख्रिस्ती कुटुंब; आई इमेल्डा, म्हणजे एम, हिला बायपोलर आजार आहे; वडील, म्हणजे बिग हूम, इंजिनिअर आहेत; मुलगा सारे सांगतो. गोळ्या आहेत, जे. जे. रुग्णालयाचा वॉर्ड आहे, विजेचे झटके आहेत, आत्महत्येचे प्रयत्न आहेत. आणि या सगळ्यात एम विडी ओढत घराला हसवते, लाजवते, रडवते. तिला लेखकाने कशाचेही प्रतीक केलेले नाही. आजारी माणूस विनोदी असू शकतो, चावट असू शकतो, आपल्या आजाराबद्दल डॉक्टरांपेक्षा नेमके बोलू शकतो, हे मी प्रथम तेथे वाचले.

या कादंबरीतल्या दोन गोष्टी मला थांबवून विचार करायला लावतात. पहिली, आनुवंशिकतेची भीती. आईचा आजार आपल्यातही उतरेल का, या धास्तीत मुलगा वाढतो. आपल्याला 'जन्माने येते' हे शब्द ऐकताच राग येतो. जन्माने ठरवलेल्या प्रत्येक गोष्टीविरुद्ध आपण लढत आलो. पण या आजाराची प्रवृत्ती काही अंशी जन्माबरोबर येते हे खरे आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे वेगळे आणि जन्माबरोबर आलेली आजाराची शक्यता ओळखून भाच्या-पुतण्यांवर लक्ष ठेवणे वेगळे. हा फरक करण्याची सवय आपल्या लेखनाला लावून घ्यावी लागेल.

दुसरी गोष्ट अशी की, एमचा आजार या मुलाच्या जन्मानंतर सुरू झाल्याचे कादंबरी सांगते. आईपण आणि हा आजार यांची गाठ तेथे पडली आहे. माझ्या गोळीच्या संदर्भात ती गाठ वेगळ्या रीतीने माझ्यापुढे आली.

बिग हूम यांची नियमित पगाराची नोकरी आणि लोकलच्या अंतरावर असलेले सरकारी रुग्णालय हे एमच्या उपचाराचे दोन खांब आहेत. कादंबरीने ते खांब मुद्दाम दाखवायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. लेखकाने न लिहिलेल्या गोष्टींसाठी त्याला दोष देणे ही समीक्षा नव्हे. पण ज्यांच्या घरात हे दोन्ही खांब नाहीत, त्यांच्या उपचाराची गोष्ट लिहिण्याची जबाबदारी आपली आहे.

पाच

ती गोष्ट मी थोडक्यात सांगते.

व्हॅल्प्रोएट मला लागू पडले. तीन आठवड्यांत झोप आली, दोन महिन्यांत मी तास घेऊ लागले. हात कापत, फळ्यावर 'शोषण' लिहिताना खडू थरथरे आणि मुलांना वाटे मॅडम भावनावश झाल्या. वजन वाढले, केस गळाले, पाळी अनियमित झाली. यकृताची आणि रक्तातल्या बिंबिकांची तपासणी अधूनमधून करावी लागे. त्यासाठी नगरला जावे लागे, आणि त्या दिवसाचे तास बुडत. तरीही मी कृतज्ञ होते. गोळी बंद करण्याचा विचार मी चार वर्षे केला नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये एका सरकारी रुग्णालयात मी दुसऱ्याच कामासाठी गेले असता तेथल्या तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या गोळ्यांचे नाव ऐकून विचारले, "तुमचे लग्न झाले आहे ना? मूल हवे आहे का, हे गोळी देताना कोणी विचारले होते का?" कोणी विचारले नव्हते. मग त्यांनी सांगितले. गरोदरपणात ही गोळी चालू राहिली तर बाळात जन्मजात व्यंग येण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे दहा आहे. आणि शंभरांत तीस ते चाळीस मुलांच्या वाढीत, बोलण्यात, बुद्धीच्या विकासात अडचणी येऊ शकतात. आईच्या व्हॅल्प्रोएटचा आणि बाळाच्या मणक्यातील व्यंगाचा संबंध फ्रान्समधल्या लिआँ येथून १९८२ सालीच मांडला गेला होता. माझ्या हातात गोळी पडली ती त्यानंतर पस्तीस वर्षांनी.

या बाबतीत जगात काय घडले ते कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये अशा मुलांच्या आयांनी संघटना बांधली, कागदपत्रे गोळा केली, न्यायालयात गेल्या. २०१६ च्या अखेरीस तेथल्या संसदेला नुकसानभरपाईची व्यवस्था करावी लागली. ब्रिटनने २०१८ मध्ये गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था असल्याखेरीज मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना हे औषध देण्यावर बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना बायपोलर आजारासाठी हे औषध वापरू नये असे सांगितले. हे ज्ञान डॉक्टरांच्या पुस्तकांत बरीच वर्षे होते. ते लोकांचे झाले ते त्या आयांमुळे.

मला लॅमोट्रिजीन हे अपस्माराचेच दुसरे औषध सुरू करायचे ठरले. ते उन्मादापेक्षा नैराश्याला आवरण्यात अधिक उपयोगी मानले जाते, म्हणून हा बदल जोखमीचा होता. ते एकदम देता येत नाही. घाईने वाढवले तर अंगावर पुरळ उठतो आणि क्वचित तो जिवावर बेततो. शिवाय व्हॅल्प्रोएट चालू असताना हे औषध शरीरात साठून राहते, म्हणून आणखी सावकाश जावे लागते. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पंचवीस मिलिग्रॅम. मग रोज पंचवीस. मग हळूहळू वर, आणि त्याच वेळी पहिली गोळी खाली. मधे पाच-सहा दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खंड पडला. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप पेटला. ती गोळी आमच्या तालुक्याच्या दुकानात नव्हती. नगरहून आणावी लागे. संप मागण्यांसाठी होता आणि त्या मागण्या न्याय्य होत्या असे मी तेव्हाही मानत होते. पण आठवडाभर गोळी मिळाली नाही आणि पाच आठवड्यांची चढण मला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागली. त्या हिवाळ्यात जुन्या नैराश्याने एकदा गाठले. मग वसंतात सावरले. आज मी ठीक आहे. हे वाक्य मी 'आज' या शब्दासहितच लिहू शकते. मुलाविषयीचा निर्णय माझा आणि माझ्या नवऱ्याचा आहे. तो येथे सांगण्याचा विषय नाही.

हे वाचून कोणी भगिनीने आपली गोळी परस्पर बंद करू नये. एकदम बंद केल्यास आजार उलटतो, काहींना खरोखर फेफरे येते. डॉक्टरांना विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.

आता 'करून पाहणे' या शब्दांकडे परत येऊ. उपचार करून पाहायचा तर काय लागते? पुन्हा पुन्हा जाता येईल असा डॉक्टर लागतो. रक्त तपासायला पैसे आणि मोकळा दिवस लागतो. चुकले तर बदलण्याइतका वेळ लागतो. आणि काय घेत आहोत याची माहिती लागते. पाथर्डी-शेवगावकडून सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला यांतले काय आहे? तिला लिथियम द्यावे तर रक्तातले त्याचे प्रमाण सतत तपासावे लागते, आणि उन्हात घाम गाळून अंगातले पाणी-मीठ कमी झाले की ते प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. व्हॅल्प्रोएट द्यावे तर तिच्या पोटच्या बाळाचा प्रश्न. लॅमोट्रिजीन द्यावे तर फडावर खंड पडणार. ज्याच्याजवळ वेळ आणि पैसा आहे तोच करून पाहू शकतो. बाकीच्यांना पहिल्यांदा जे मिळाले तेच शेवटचे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) बायपोलर आजाराच्या शंभरांतल्या सत्तर रुग्णांना उपचारच मिळत नाहीत असे नोंदवले. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

सहा

नगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी उभ्या केलेल्या 'माउली'त घरच्यांनी टाकलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया राहतात, आणि त्यांतल्या काहींची मुलेही. उपचार करून पाहण्याची संधी न मिळालेल्या बाईचा रस्ता कोठे जातो, हे त्या घरावरून कळते. ते काम मोठे आहे. पण बाई रस्त्यावर येण्याआधी तिला गोळी आणि माहिती मिळणे हा करुणेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो हक्क दिला आहे. त्याचे कलम १८ सरकारी सेवेचा हक्क देते. कलम २२ आजार कोणता, उपचार काय आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हे जाणून घेण्याचा हक्क देते. ॲट्रॉसिटीच्या कायद्याची कलमे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहेत. ही दोन कलमेही पाठ व्हायला हवीत.

आणि लेखकांनी काय करावे? दलित साहित्याने वेदनेला नाव दिले आणि तिचे कारण समाजात दाखवले. ते काम संपलेले नाही. पण बुद्धाने दुःखाचे कारण सांगून थांबणे पसंत केले नाही. निरोध आणि मार्गही सांगितला. आपल्या मनाच्या आजाराच्या लेखनात मार्ग येऊ द्यायचा असेल, तर तो गोळीच्या नावासकट, डोससकट, एसटीच्या भाड्यासकट, बुडालेल्या तासांसकट आला पाहिजे. देवीने झाले आणि व्यवस्थेने झाले या दोन उत्तरांच्या मध्ये आजारी माणूस जगत असतो. त्याला लिहू द्या. मुख्यतः तिला लिहू द्या.

गेल्या वर्षी महाविद्यालयातली एक मुलगी तास संपल्यावर थांबली. दप्तरातून तिने एक चिठ्ठी काढली आणि म्हणाली, "मॅडम, दुकानदार म्हणतो ही फिटची गोळी आहे. मला तर फिट येत नाही." चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट होते. तिचे वय एकोणीस. मी तिला खाली बसवले आणि १८८२ पासून सुरुवात केली. मग तिने डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न मराठीत एका कागदावर लिहून दिले. पुढच्या सोमवारी ती आणि तिची आई तो कागद घेऊन नगरला गेल्या.

माझ्या आईला जी चार वाक्ये मी देऊ शकले नव्हते, ती त्या कागदावर होती.